अंदमान, एक्सेल शीट आणि बाबा

पाच दिवसांची रजा मंजूर झाली आणि मी लगेच अंदमानचा प्लॅन बनवून टाकला. स्कूबा, स्नॉर्केलिंग, राधानगर बीचवर साडेसहाचा सनसेट... एकदम पैसा वसूल! बाबांनी चष्मा लावून अख्खी एक्सेल शीट वाचली आणि एवढंच विचारलं, ‘‘सेल्युलर जेल कधी?’’

शेवटच्या दिवशी, विमानाआधी, पाऊण तास. ते काहीच बोलले नाहीत.

मग नीट माहिती काढली, तर माझी शीटच चुकलेली! घड्याळ आपलंच, पण बेटं पार पूर्वेला. डिसेंबरमध्ये सूर्य पाचच्या सुमारासच बुडतो. साडेसहाला राधानगरला नुसता काळोख! शिवाय हे बीच हॅवलॉकवर, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपवर. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) वेगवान बोटीनं दीड-दोन तास. समुद्र खवळला की बोट रद्द. त्यामुळे मंडळी, परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.

आता नवा प्लॅन: दुसरी अख्खी सकाळ जेलसाठी. सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. १९११ ते १९२१ सावरकर इथे होते. त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर. बाबांच्या गुडघ्यांना घाई चालणार नाही. स्कूबा कटाप!

परवा बाबा लिफ्ट सोडून चार मजले जिन्यानं चढून आले. दम लागलेला.

‘‘अहो बाबा, हे काय?’’

‘‘प्रॅक्टिस!’’