चिठ्ठी लिहिली, आंबा खाल्ला

सातारा, ७ जुलै
फ्रेंचच्या वर्गात पासे काँपोझे सुरू केला. दोन तुकड्यांचा भूतकाळ: अव्वार ('जवळ असणं') किंवा एत्र ('असणं') यांचं वर्तमानकाळी रूप आणि पुढे मूळ क्रियापदाचं धातुसाधित. 'फिनीर'चं 'फिनी', 'व्हाँद्र'चं (विकणं) 'व्हाँद्यू'. 'झे फिनी', मी संपवलं. अव्वार दिसला की मुलांना इंग्रजीतला 'हॅव' आठवतो, त्याच्यासोबत 'काल' चालत नाही, म्हणून वाक्यात 'काल' आला की ती अडखळतात. फ्रेंचला 'काल' चालतो. इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीतून या, असं सांगितलं.

सांगली, ९ जुलै
जाणं, येणं, निघणं, जन्मणं, मरणं अशी मोजकी क्रियापदं एत्र घेतात आणि धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. गेला, गेली. पण आपल्याला जे कानाला कळतं ते फ्रेंचमध्ये बहुधा कागदावरच दिसतं. विश्रामबागच्या वर्गात मुली स्वतःबद्दल लिहिताना शेवटचं अक्षर गाळतात. इकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. ही बोली मला प्रिय आहे, ती मी सुधारणार नाही. म्हणून 'मुरीर' (मरणं) घेतलं: तो मेला 'मोर', ती मेली 'मोर्त'. कानाला फरक कळल्यावर हातही लिहू लागले.

सांगली, १० जुलै
'देसाँद्र', उतरणं. स्वतः उतरलं तर एत्र, बॅग उतरवली तर अव्वार. मराठी इथे धातूच बदलते.

सातारा, १५ जुलै
आज अव्वारचा अवघड नियम. 'झे एक्री ला लेत्र', मी चिठ्ठी लिहिली: बदल नाही. 'ला लेत्र क झे एक्रीत', मी लिहिलेली चिठ्ठी: कर्म आधी आलं, म्हणून 'एक्रीत'. फ्रेंच मुलांनाही हा नियम छळतो. सोळाव्या शतकात कवी क्लेमाँ मारो याने इटालियनचा दाखला देत त्याचा पुरस्कार केला. २०१८ मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी तो सोडून द्या अशी जाहीर मागणी केली. आपलं बालवाडीतलं पोर मात्र कुणी न शिकवता 'तिने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' म्हणतं. हा कर्मणी प्रयोग. कर्म कुठे बसलंय याची मराठीला पर्वा नाही, एवढाच फरक. कराडहून येणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे चिठ्ठी लिहिली, तसंच की!" तसंच. फक्त 'त्या मुलीला पाहिलं' इथे मराठी चकवते. 'ला' लागला की आपला भावे प्रयोग होतो, क्रियापद नपुंसकलिंगी राहतं. फ्रेंचमध्ये ती मुलगी थेट कर्म आहे, आधी आली तर जुळवणी करावीच लागते. हे पुढच्या वेळी आधीच सांगायचं.

सातारा, १६ जुलै
आँपार्फे, म्हणजे दुसरा, अपूर्ण भूतकाळ. वर्तमानकाळातल्या 'नू'च्या (आम्ही) रूपातून 'ओं' काढायचं आणि नवे प्रत्यय लावायचे. एत्र तेवढा अपवाद. घडवायला सोपा. वापरताना गोंधळ, कारण 'पडत होता' आणि 'पडायचा' या दोन्हींना तिथे एकच रूप. उद्यासाठी तीन वाक्यं काढली: आम्ही दर पावसाळ्यात कास पठारावर जायचो. त्या दिवशी धुकं पसरलं होतं, पाऊस कोसळत होता. अचानक गाडी घसरली. कोणतं रूप कुठे आणि का, हे मुलांनी आधी मराठीत सांगायचं, मग फ्रेंच लिहायचं.