चतुःसीमा

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिण्याची पद्धत आहे. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस नदी. व्यापारी घरांतील वडीलधारी मंडळी या चार ओळी बारकाईने वाचतात. कारण पुढील पिढ्यांचे वाद तेथेच मिटतात किंवा तेथेच उगवतात. मात्र चतुःसीमा वाचणे आणि ती पायी चालून पाहणे यांत मोठे अंतर आहे. भोर तालुक्यातील सारोळे या गावाची शिव चालू पाहणाऱ्यास ते सहज उमगते.

पुणे-सातारा महामार्गाने जाताना सारोळ्याजवळ नीरेचा पूल लागतो. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे शिरवळ आणि सातारा जिल्हा. एकच नदीपात्र येथे गावाची, तालुक्याची आणि जिल्ह्याची हद्द होते. मोटारीतून हा पूल क्षणात संपतो. काठाने पायी जाणाऱ्याला मात्र नदी थांबवून घेते. वरच्या बाजूस वेळवंडी नदीवर १९२८ साली पुरे झालेले भाटघर धरण आहे. त्याचे सोडलेले पाणी नीरेतूनच खाली वीर धरणाकडे जाते. या पाण्यावर बाभूळ आणि करंज तग धरतात. खंड्या अलीकडच्या फांदीवरून सूर मारतो आणि मासा घेऊन पलीकडच्या जिल्ह्यात जाऊन बसतो. माणसाने नदीच्या मध्यातून ओढलेली रेघ त्याच्या गावी नसते.

नदी सोडून शिवारात शिरले की शिव म्हणजे बांध. कोठे पुरलेला दगड, कोठे ओढ्याचे वळण, कोठे एखादे जुने झाड. जुन्या काळी शिवेचा तंटा पडला की गावातील महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. कारण शिवेची माहिती पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याने जपलेली असे. नकाशा हाती नसताना गावाची हद्द माणसाच्या स्मरणात आणि पायांत राहत होती.

नांगराचा फाळ बांधापाशी वळतो, म्हणून दोन शेतांच्या मधली ती हात-दोन हातांची पट्टी अनांगर राहते. तेथे गवत वाढते, बोर आणि निरगुडी मूळ धरतात. उंदरांच्या मागावर धामण येते आणि धान्याची राखण करते. वेडा राघू मातीच्या उभ्या कडेत बोगदा खणून अंडी घालतो. ओढ्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांदीला पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लोंबतात. टिटवी तर घरटे बांधण्याच्या भानगडीतच पडत नाही. उघड्या माळावर, खड्यांच्याच रंगाची अंडी घालून ती आरडाओरडा करीत राहते. शिवेने चालणाऱ्याला म्हणून प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागते. दोघांच्या मालकीच्या मध्ये जे कोणीच कसत नाही, त्यावर इतक्या जिवांचा संसार चालतो.

हीच पट्टी आता सर्वांत आधी जाते. एक शेजारी दर साली नांगराचे एक तास बांधात घुसवतो, दुसराही त्याला तसेच उत्तर देतो. बांध कोरून मिळते वीतभर जमीन. गमावला जातो शेजार, आणि पुढे वर्षानुवर्षे कज्जाचा खर्च चालतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार हद्दीच्या निशाण्या सुस्थितीत राखण्याची जबाबदारी जमीनधारकावरच आहे, याचा दोघांनाही विसर पडलेला असतो. महामार्गालगत तर आणखी एक रीत आहे. जमिनीचा सौदा झाला की पहिल्या आठवड्यात यंत्र येते, बांध सपाट होतो आणि आठ फुटी भिंत उभी राहते. या भिंतीतून ना धामण जाते, ना ओढ्याकडे जाणारे पावसाचे पाणी. ते पाणी मग शेजाऱ्याच्या पिकात तुंबते.

असे सौदे करणाऱ्यांत शहरातील व्यापारी कुटुंबेही असतात. सातबारा, फेरफार, बोजा हे सारे ती तपासतात आणि ते योग्यच आहे. त्यास आणखी एक दिवस जोडावा. इसार देण्यापूर्वी घरातील तरुणांना घेऊन, शेजारच्या शेतकऱ्यास सोबत बोलावून, त्या जमिनीची चतुःसीमा पायी फिरावी. पाणी कोठून येते, कोठे जाते, जुना दगड कोठे आहे, हे शेजाऱ्याकडूनच कळते. मग कुंपण घालायचे तेव्हा बांधाच्या आत हातभर सरकून घालावे आणि बांधावरचे गवत व झाडे तशीच राहू द्यावीत.

हातभर जागा सोडल्याने हिशेबाच्या वहीत थोडी खोट दिसेल. पण पावसाळा सरता सरता त्या बाभळीवर खोपे दिसतील, आणि पलीकडच्या शेतातून शेजारी आपणहून हाक मारील.