स्पारवूडचा हिरवा टायटन

कॅनडात रॉकीज बघायला गेलेले आपले लोक बान्फवरूनच परत फिरतात. तुम्ही जरा वाट वाकडी करा, हायवे ३ वरच्या स्पारवूडला थांबा. रस्त्यालगतच एक हिरवागार ट्रक उभा आहे. नुसता टायरच ११ फुटांचा, बोला!

हा टेरेक्स टायटन, १९७४ सालचा. एका खेपेत साधारण ३१७ टन माल उचलायचा. एवढ्या धुडाला ट्रकचं इंजिन कुठून पुरणार? म्हणून चक्क रेल्वेचं १६ सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं, ३३०० हॉर्सपॉवरचं. ते वीज तयार करायचं आणि मागच्या चाकांच्या मोटरी गाडी पळवायच्या. कोळशाचा बाजार बसला नि असा दुसरा ट्रक बनलाच नाही. १९७८ पासून हा इथल्या खाणीत राबला, १९९१ मध्ये रिटायर झाला. आता आत इंजिनही नाही.

पण फोटो काढून लगेच पळू नका. शेजारची मिशेल आणि नेटल ही खाणगावं कोळशाच्या धुळीपायी १९६० च्या दशकात उठवायला सुरुवात झाली, माणसं स्पारवूडला हलवली गेली. घरं गेली, ट्रक मात्र रंगवून जपलाय! मला हे खटकलं. गावातल्या भिंतींवर खाणकामगारांची म्युरल्स आहेत, तीही बघा.