फोनला मराठी वाचू द्या

दृष्टी गेलेल्या किंवा जात चाललेल्या माणसांना स्मार्टफोन वापरायला शिकवणं हे माझं काम आहे. माझ्याकडे जन्मापासून अंध असलेली मुलं येतात, तशीच पन्नाशी-साठीनंतर नजर गमावलेली माणसंही येतात. कुणाचा डोळ्याचा पडदा मधुमेहाने खराब झालेला असतो, कुणाची नजर काचबिंदूने कडेकडेने मिटत आलेली असते. या वयात ब्रेल शिकणं अवघड जातं. मधुमेहात बोटांची संवेदनाही कमी झालेली असली, तर ब्रेलची टिंबं हाताला लागतच नाहीत. रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस मग ‘काय आलंय आज?’ असं घरातल्यांना विचारू लागतो आणि थोड्या दिवसांनी विचारणंही सोडून देतो. त्याच्याच खिशातला फोन त्याला वाचून दाखवू शकतो, हे मात्र बहुतेक घरांत ठाऊक नसतं. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही की वेगळे पैसे लागत नाहीत.

बटणांचे फोन होते तेव्हा ‘५’ च्या बटणावरचा उंचवटा चाचपून नंबर लावता यायचा. गुळगुळीत काचेचे फोन आले तेव्हा ही सोय गेली आणि अंध माणसांच्या हातून फोन सुटणार असंच वाटू लागलं. २००९ साली यावर तोड निघाली. त्या वर्षी आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आलं आणि अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’. व्हॉइसओव्हरने आणि काही वर्षांनी टॉकबॅकनेही स्पर्शाचे दोन भाग केले. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. तीच गोष्ट उघडायची असेल तर पाठोपाठ दोनदा टिचकी द्यायची. त्यामुळे काहीही न उघडता, न बिघडवता सगळा पडदा चाचपून पाहता येतो.

मराठीची सोय सावकाश आली. आयफोनला मराठी आवाज मिळायला २०२२ चं आयओएस १६ यावं लागलं. तोवर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जायचा आणि आजही कित्येक फोनांत तसाच वाचला जातो. लिपी एकच असल्याने तो वाचतो खरा, पण ‘गुळाची पोळी’ची ‘गुलाची पोली’ होते. ‘केलं’, ‘घरं’ यांतल्या शेवटच्या अनुस्वाराचा आपण अ लांबवतो. हिंदी आवाज तिथे नाकातून ‘न’ काढतो. नवशिक्याला वाटतं, आपल्यालाच नीट ऐकू येत नाही. म्हणून माझा पहिला धडा टॉकबॅकचा नसतोच, आवाजाचा असतो.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जायचं. तिथे ‘टेक्स्ट टू स्पीच’ सापडतं. काही कंपन्या ते दुसऱ्या विभागात ठेवतात, तेव्हा सेटिंगच्या शोधचौकटीत नाव टाकावं. गूगलचं इंजिन निवडून मराठीचा व्हॉइस डेटा वायफायवर उतरवून घ्यायचा. एकदा उतरवला की रेंज नसलेल्या गावातही फोन मराठी वाचतो. मग वेग कमी करून एखादा ओळखीचा परिच्छेद ऐकायचा. आयफोनवर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’तच आवाजांची यादी मिळते, त्यातून मराठी निवडायचा.

यानंतर गरज ओळखायची. अक्षरं पुसट दिसतात पण चिन्हं कळतात, अशा माणसाला टॉकबॅकची गरज नाही. त्याला ‘सिलेक्ट टू स्पीक’ पुरतं. हवा तो मजकूर निवडला की तेवढाच वाचला जातो, बाकी फोन नेहमीसारखा चालतो. आयफोनवर ‘स्पीक स्क्रीन’ चालू करून दोन बोटं वरून खाली ओढली की सगळा पडदा वाचला जातो. वाचायला कधी शिकताच आलं नाही अशा मावशींना आणि अक्षरं जुळवताना अडखळणाऱ्या मुलांनाही याचा मोठा आधार होतो.

दिसणं जवळजवळ थांबलेलं असेल तर टॉकबॅक. आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकदम दाबून धरली की ते चालू किंवा बंद होतं. हा शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये लावून घ्यावा आणि घरातल्या प्रत्येकाला शिकवावा. चुकून टॉकबॅक सुरू झालं की एका बोटाने पडदा सरकत नाही, एका टिचकीने काही उघडत नाही आणि फोन बिघडला असं समजून लोक दुकान गाठतात. टॉकबॅकमध्ये पडदा दोन बोटांनी सरकवायचा, आयफोनवर तीन बोटांनी.

माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक येत. त्यांच्या दोन टिचक्यांत इतकं अंतर पडायचं की फोन त्यांना दोन वेगवेगळे स्पर्श समजायचा. आम्ही टेबलावर बोटाने ‘टकटक’ असा ठेका धरला आणि तो जमल्यावरच फोन हातात घेतला. त्यांची दुसरी अडचण ओटीपीची होती. ‘४८२९१५’ हा आकडा फोन ‘चार लाख ब्याऐंशी हजार नऊशे पंधरा’ असा वाचायचा आणि सर ते मनात फोडेपर्यंत वेळ संपून जायचा. टॉकबॅकमध्ये वाचनाचं एकक बदलता येतं. ते ‘अक्षर’ असं ठेवून बोट खाली ओढलं की चार, आठ, दोन असा एकेक अंक येतो. हे जमलं त्या दिवसापासून सरांनी पेन्शनच्या कामासाठी मुलाची वाट पाहणं बंद केलं.

या आकड्यामागेच सगळी विद्या आहे. मजकूर आवाजात जाण्याआधी यंत्राला ठरवावं लागतं की हा आकडा रक्कम आहे की संकेतांक, ‘डॉ.’नंतरचा ठिपका वाक्याचा शेवट आहे की नाही, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एकच आहे की वेगळा. ‘माझी’तला झ ‘माझा’त बदलतो, तो लिपीत कुठेच दिसत नाही. आपण हे आईच्या तोंडून शिकलो. यंत्राला शब्दसंग्रहातून आणि ध्वनिमुद्रणांतून शिकावं लागतं. म्हणूनच मराठी बोलण्याची चांगली, स्वच्छ ध्वनिमुद्रणं जितकी अधिक जमतील, तितका आवाज आपला वाटेल.

तरी गोड आवाज हेच सर्वस्व नाही. ‘ईस्पीक’ नावाचं मोफत इंजिन माणसाच्या आवाजाऐवजी मुख्यतः गणिताने ध्वनी घडवतं. त्यात मराठीही आहे. ते यंत्रासारखं खरखरतं, पण वेग कितीही वाढवला तरी शब्द तुटत नाहीत, म्हणून सरावलेले अनेक अंध वाचक तेच पसंत करतात. त्यांच्या शेजारी बसून मला पहिल्यांदा एक शब्दही कळला नव्हता आणि ते त्या वेगाने अख्खी कादंबरी वाचत होते. ऐकणं हेही वाचनच आहे, हे मी त्यांच्याकडून शिकले.

असं सगळं जमवून दिल्यावरही वाचन अडतं, आणि ते अडतं आपल्यामुळे. गृहसंकुलाची नोटीस, शाळेचं परिपत्रक, पाणी बंद असल्याची सूचना फोटो काढून गटावर टाकली जाते. फोन म्हणतो, ‘प्रतिमा’, आणि गप्प होतो. गूगल लेन्ससारख्या साधनाने फोटोतली अक्षरं काढता येतात, पण फोटो वाकडा किंवा पुसट असला की तेही हरतं. अनेक अ‍ॅपमध्ये बटणांना नावच दिलेलं नसतं. मग पैसे पाठवायच्या पानावर ‘बटण, बटण, बटण’ एवढंच ऐकू येतं. मराठी रोमन लिपीत लिहिली की फोन ती इंग्रजी समजून वाचतो.

सर्वांत मोठी अडचण पुस्तकांची आणि मासिकांची आहे. युनिकोड ही प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी पद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. पानावर ‘दिवाळी’ दिसतं, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं असतात आणि फोन तीच वाचतो. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, तरी आपल्या छपाईच्या कामात जुने फॉन्ट अजून टिकून आहेत. दिव्यांग वाचकांसाठी पुस्तक सुलभ रूपात आणायला २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने मोकळीक दिली. त्याच हेतूच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही छापील आणि डिजिटल मजकूर सुलभ असावा असं म्हटलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुलभता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कायदा आहे, आवाज आहे, फोन तर घरोघरी आहे. राहिला आहे तो मजकूर.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: अंकाची एक प्रत युनिकोडमध्ये, ई-पब या ई-पुस्तकाच्या रूपात काढा. वाचकांना विनंती आहे की फोटोसोबत त्यातला मजकूर दोन ओळी टंकून पाठवा आणि मराठी देवनागरीतच लिहा. पाठवण्याआधी तो मजकूर एकदा स्वतःच्या फोनकडून वाचून घ्या. जिथे तुमचा फोन अडखळेल, तिथे कुणाचं तरी वाचन अडणार आहे, आणि ती अडचण दूर करायला तुम्हाला पाच मिनिटंही लागणार नाहीत.