सत्रांची नावे

चर्चासत्राची कार्यक्रमपत्रिका समीक्षा म्हणून कोणी वाचत नाही. आपला निबंध कोणत्या सत्रात आहे आणि जेवणाची सुट्टी केव्हा, एवढेच तीत पाहिले जाते. मात्र ‘मराठी आत्मचरित्र आणि आत्मकथन’ या विषयावरील दोन दिवसांच्या चर्चासत्राची आखणी करताना आम्हां चौघा अध्यापकांना जाणवले, की सत्रांना नावे देणे ही साहित्याचीच विभागणी असते.

रूढ पद्धतीने गेल्यास सत्रे आपोआप तयार होतात : आरंभीची आत्मचरित्रे, स्त्रियांची आत्मचरित्रे, दलित आत्मकथने, भटक्या-विमुक्तांची आत्मकथने, कलावंतांची आत्मचरित्रे आणि संकीर्ण. या चौकटीत कोणताही निबंध सामावतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने निबंधवाचनाला गुण जोडले, तेव्हापासून अशा ऐसपैस चौकटी अधिकच सोयीच्या झाल्या. परंतु त्यांत निबंध नुसते शेजारी बसतात. एकमेकांशी बोलत नाहीत.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) कोठे ठेवावे, या प्रश्नावर आमची पहिली बैठक अडली. स्त्रियांच्या सत्रात ठेवावे, तर जातीचा प्रश्न मागे सरतो. दलित आत्मकथनांत ठेवावे, तर घरातल्या पुरुषी सत्तेविषयी त्या जे सांगतात ते दुय्यम ठरते. आणखी एक गोष्ट लक्षात आली. मध्यमवर्गीय पुरुषाच्या आत्मचरित्रासाठी वेगळे सत्र कोणीच सुचवले नव्हते. ते नुसतेच ‘मराठी आत्मचरित्र’ असते. इतरांना मात्र विशेषण लागते.

म्हणून लेखकाच्या ओळखीऐवजी प्रश्नावर सत्रे बांधावीत, असा प्रस्ताव पुढे आला. उदाहरणार्थ, ‘अक्षरओळखीची किंमत’. घरातल्या बायकांचा विरोध सोसत शिकलेल्या रमाबाई रानडे, लग्नानंतर अक्षरे गिरवणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक, लिहिलेले कागद वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवणाऱ्या बेबी कांबळे, आणि शिकलेला दया पवार व त्याला आपली कहाणी सांगणारा दगडू असे एकाच माणसाचे दोन भाग दाखवणारे ‘बलुतं’ (१९७८). ही मंडळी एका सत्रात आली, की शिक्षणाने प्रत्येकाला काय दिले आणि काय हिरावले, हे ताडून पाहता येते.

या प्रस्तावाला आमच्यातल्याच एका सहकाऱ्याने हरकत घेतली, आणि ती वजनदार होती. स्वतंत्र सत्र काढून घेतले, की हक्काची जागाही जाते. मग ‘सर्वसमावेशक’ नावाखाली पुन्हा तेच चार लेखक चर्चिले जातात. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी ग्रंथकारसभेचे निमंत्रण नाकारले होते. सर्वांचे मानवी हक्क ज्यांना मान्य नाहीत त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही, असा त्यांचा आशय होता. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, तेही स्वतःच्या व्यासपीठाची गरज वाटली म्हणूनच. वेगळेपणा येथे लादलेला नसून निवडलेला होता. बाहेरून चिकटवलेले विशेषण आणि स्वतः उच्चारलेले नाव यांतला हा फरक पुसणे आम्हांला परवडणारे नव्हते.

अखेर दलित आत्मकथनांचे सत्र आम्ही ठेवले. पण त्यालाही प्रश्न दिला : ‘आत्मचरित्र’ हा शब्द उपलब्ध असताना ‘आत्मकथन’ ही संज्ञा का हवीशी झाली? आणि तीच पुस्तके अन्य सत्रांतही येतील, असे ठरवले.

निवड त्यामुळे सोपी झाली नाही. केवळ कथासार सांगणारे निबंध बाजूला पडले, तसेच आमच्या कोणत्याच प्रश्नाला न भिडणारे काही चांगले निबंधही. त्या लेखकांना आम्ही तसे कारणासह कळवले. प्रत्येक सत्रात तीनच निबंध ठेवून उरलेला अर्धा तास चर्चेसाठी मोकळा सोडला. त्या अर्ध्या तासात एका वक्त्याला दुसऱ्याच्या निबंधाची दखल घेतल्याशिवाय उत्तर देता आले नाही, तर सत्राचे नाव योग्य होते असे आम्ही समजू.