सहा माणसं, एक एक्सेल शीट आणि भंडारदरा

मे महिन्यात अख्ख्या फॅमिलीला घेऊन डोंगरात जायचं म्हणताय? मग रूम बुक करण्याआधी दोन प्रश्न विचारा. एक घरात आणि एक जिथे उतरणार तिथे. आम्ही दोन्ही विचारले नव्हते!

एप्रिल उजाडला की ऑफिसात, लोकलमध्ये, मोबाइलवरच्या ग्रुपवर एकच विषय. कुणाचं मनालीचं बुकिंग झालेलं असतं, कुणाचं कूर्गचं, आणि कुणीतरी थेट बालीचे फोटो टाकायला लागतं. आपण मात्र बॉस रजा देईल की नाही याच टेन्शनमध्ये!

आमच्या घरात ‘सुट्टीचं प्लॅनिंग’ ही भानगडच कधी नव्हती. मे महिना म्हणजे संगमेश्वरजवळचं आजीचं घर. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आई बॅगा भरायची आणि जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत आम्ही डोंबिवलीत नसायचो. मग आजी गेली. मामा पुण्यात स्थायिक झालेला, त्याने घर विकलं. त्यानंतरचा पहिला मे आईने डोंबिवलीतच काढला. त्या महिन्यात तिने घरातली सगळी कपाटं दोनदा आवरली. तेव्हाच दादाने आणि मी ठरवलं, पुढच्या मे महिन्यात काहीही होवो, आईला घेऊन बाहेर पडायचं.

शीटचा फंडा

दादा आयटीवाला. त्यामुळे प्लॅनिंग म्हणजे एक्सेल शीट! सहा माणसांचे सहा कॉलम. प्रत्येकाने आपल्याला काय हवंय ते लिहायचं. दादाला ट्रेक. वहिनीला ‘जिथे लॅपटॉप उघडता येणार नाही अशी कुठलीही जागा’. सात वर्षांच्या छोटूला काजवे आणि मॅगी. बाबांचा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे त्यांना पायऱ्या कमी आणि सकाळचा चहा वेळेवर. मला फोटो. आईला विचारलं तर म्हणाली, ‘‘मला काय, काहीही चालेल.’’ दादाने तेच टाइप केलं आणि आम्ही पुढे गेलो.

सगळ्यांच्या अटींत बसलं ते भंडारदरा. अकोले तालुक्यातलं, अहिल्यानगर जिल्ह्याचं (म्हणजे पूर्वीच्या नगरचं) अगदी पश्चिमेचं टोक. मुंबईहून साधारण पावणेदोनशे किलोमीटर. इंग्रजांच्या काळात प्रवरा नदीवर बांधलेलं आणि १९२६मध्ये पूर्ण झालेलं धरण, त्यामागे पसरलेला आर्थर लेक, आणि भोवती सह्याद्रीतली एकापेक्षा एक दादा मंडळी. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) इथलंच. रतनगड इथलाच. सांदण दरीही इथलीच. मेच्या शेवटी काजवे. आणखी काय पाहिजे?

दादाने दोन दिवसांत कळसूबाई, रतनगड, सांदण, रंधा धबधबा आणि काजवे असं सगळं बसवलं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्लॉट! वहिनी म्हणाली, ‘‘ही सुट्टी आहे की प्रोजेक्ट डेडलाइन?’’ बरीच घासाघीस होऊन नियम ठरला, एका दिवसात एकच मोठी गोष्ट. रंधा आधीच कटाप झाला. मेमध्ये धरणातून पाणी सोडलेलं नसेल तर धबधब्याच्या नावाखाली नुसता खडक बघावा लागतो. राहायला रिसॉर्टऐवजी तलावाच्या कडेच्या एका गावातलं होमस्टे घेतलं. महादेव कोळी कुटुंबाचं घर, दोन खोल्या पाहुण्यांना, जेवण घरचं. मला वाटलं, झालं आपलं प्लॅनिंग.

गारवा कुठाय?

पहाटे पाचला निघालो. कसारा घाट, इगतपुरी, घोटी, आणि तिथून डावी-उजवी करत कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून भंडारदऱ्याच्या शेंडी गावात. गाडीतून उतरलो आणि पहिला धक्का. ऊन! डोंगर म्हटलं की महाबळेश्वरचा गारवा डोळ्यांसमोर येतो, पण मेच्या दुपारी इथे डोकं चांगलंच तापतं. गवत वाळून पिवळं झालेलं, तलावाचं पाणी उतरलेलं, काठाला मातीचे पट्टे उघडे पडलेले. पावसाळ्यातले हिरवेगार फोटो बघून आलेल्या माणसाचा पोपट होणार हे नक्की.

पण संध्याकाळी पाचनंतर सीन बदलतो. वारा सुटतो, डोंगर जांभळे दिसायला लागतात आणि रात्री चक्क अंगावर चादर घ्यावी लागते. त्यामुळे इथला दिवस दोन तुकड्यांत कापायचा. पहाटे फिरा, दुपारी झाडाखाली पडी टाका, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडा. लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दुपारच्या झोपेला पर्याय नाही.

दुसऱ्या दिवशी दादा गावातल्या एका मुलाला सोबत घेऊन पहाटे चारला कळसूबाईला गेला. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, पण सावली फारशी नाही, त्यामुळे मेमध्ये ऊन चढायच्या आत उतरायला लागायचं. आम्ही बाकीचे गाडीने तलावाला वळसा घालायला निघालो. हा रस्ता म्हणजे बाबांसाठी लॉटरीच, एकही पायरी न चढता सगळा सह्याद्री! घाटघरला कोकणकड्याशी उभं राहिलं की पायाखालची जमीनच संपते आणि खाली थेट कोकण. तिथून साम्रद. सांदण दरी इथेच, पण छोटू आणि गुडघा यांच्यासाठी तिचं तोंड लांबून बघणं पुरे. आणि मग रतनवाडी. इथलं अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं मंदिर शिलाहारांच्या काळातलं मानतात. बाहेर रणरणतं ऊन आणि आत गाभाऱ्यापाशी फ्रीजसारखा गारवा. समोर रतनगड, आणि त्याच्या माथ्यावरचं सुईच्या भोकासारखं आरपार नेढं. छोटूने विचारलं, ‘‘आजी, त्यातून दोरा कोण ओवतं?’’ आई हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तीन बादल्या

हो, दोन दिवसांत पहिल्यांदा. कारण आदल्या दिवशी मीच तिचा मूड घालवला होता. पोहोचल्यावर आम्ही सगळे पसरलो आणि आई गायब. शोधलं तर ती स्वयंपाकघरात, चुलीसमोर, होमस्टेच्या मावशींबरोबर नागलीच्या भाकऱ्यांचं पीठ मळतेय! माझं डोकंच सटकलं. ‘‘आई, तू सुट्टीवर आलीयेस. आपण पैसे भरलेत. चल बाहेर.’’ ती काही न बोलता हात धुऊन बाहेर आली आणि खुर्चीवर बसून राहिली. बसून राहिली म्हणजे फक्त बसून राहिली.

रतनवाडीहून परतलो तेव्हा दुपार झाली होती. दादा कळसूबाईवरून धुळीने माखून आला होता. त्याने आंघोळ केली, तीन बादल्या. छोटूने खेळत-खेळत तितक्याच. मी केस धुतले. संध्याकाळच्या चहाच्या वेळी अंगणातला ड्रम रिकामा झाला होता. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन त्या आणि त्यांची सून निघाल्या. आई उठून त्यांच्या मागे गेली. मीही गेले.

विहीर वीस मिनिटांच्या उतारावर. तळाशी जेमतेम पाणी. त्यामुळे बाजूच्या ओढ्याच्या वाळूत एक झिरा केलेला. त्यात पाणी जमेपर्यंत थांबायचं आणि मग वाटीने हंड्यात भरायचं. आमच्या पुढे चार बायकांचा नंबर होता. समोर तो एवढा मोठा तलाव दिसतोय आणि इथे वाटी-वाटीने पाणी! मी मावशींना विचारलंच.

‘‘ते पाणी खालच्यांचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमचं पावसाचं. चार महिने इतकं पडतं की घराबाहेर पडवत न्हाई. पण थांबत न्हाई ना.’’

खरंच आहे ते. घाटघर हा राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक. पण उभे उतार, मातीचा पातळ थर आणि खाली काळा कातळ. पाणी मुरायच्या आत वाहून जातं, काही कोकणात, बाकीचं धरणात. आणि धरणातलं पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांत. वरच्या वाड्यांना मेमध्ये हंडाच. आणि नेमक्या त्याच महिन्यात आम्हा शहरवाल्यांना शाळेच्या सुट्ट्या असतात, काजवे बघायचे असतात आणि शॉवर हवा असतो.

एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून मोजलं नाही. मोजायची हिंमतच नव्हती. परत येताना आईने एक हंडा स्वतःच्या कमरेवर घेतला. मला आठवलं, संगमेश्वरला विहीर परसातच होती, आणि आई तिथे पोहोचल्याबरोबर पहिली तिच्यावरच जायची. तिथे तिला कुणी ‘तू सुट्टीवर आहेस’ म्हणायचं नाही. ती आजीजवळ चुलीपाशी बसून तासन् तास बोलायची. काम करायची की आराम करायची, कुणी विचारायचं नाही. ती माहेरी असायची, एवढंच. आम्ही तिच्यासाठी खोली बुक केली होती. तिला बसायला कुणाचंतरी स्वयंपाकघर हवं होतं.

घरी पोहोचल्यावर आईने सूत्रं हातात घेतली. माणशी एक बादली, केस डोंबिवलीत धुवायचे, आणि आमच्या जेवणाची ताटं आम्ही राखेने घासून मग थोड्या पाण्यात विसळायची. दादाने गाडी काढून शेंडीहून पाण्याचे मोठे जार आणले. रात्री आई मावशींबरोबर चुलीपाशी बसली होती. बाहेर ऐकू येत होतं, दोघी करवंदाच्या लोणच्यावरून वाद घालत होत्या.

अंधार पडल्यावर

त्या रात्री जेवणं झाल्यावर मावशींचा मुलगा आम्हाला काजवे दाखवायला घेऊन गेला. सगळ्यांचे मोबाइल खिशात, टॉर्च बंद. पाच-दहा मिनिटं नुसता काळोख. मग एका झाडावर एक ठिपका, मग दहा, आणि मग अख्खं झाड! उजेड एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर लाटेसारखा सरकत जातो, विझतो आणि पुन्हा पेटतो. तो उजेड म्हणजे नरांनी माद्यांना घातलेली साद असते. काजवा अळीच्या रूपात कितीतरी काळ जमिनीलगत काढतो आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही आठवडे जगतो. त्या दिवसांत आपण गाडीचे हेडलाइट आणि फ्लॅश मारत फिरलो तर त्यांची साद पोहोचतच नाही. म्हणून माझ्या कॉलममधल्या ‘फोटो’वर मी तिथेच काट मारली. एकही फोटो काढला नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

छोटू आजीच्या मांडीवर बसला होता. म्हणाला, ‘‘आजी, तुझ्या गावाला होते का असे?’’ आई म्हणाली, ‘‘होते की. परसात.’’ आणि मग तिने त्याला त्या घराबद्दल सांगायला सुरुवात केली. विकल्यापासून पहिल्यांदा ती त्या घराबद्दल बोलत होती. आम्ही सगळे गप्प बसून ऐकत होतो.

जूनमध्ये डोंबिवलीत पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी आईने मावशींना फोन लावला. ‘‘विहिरीला पाणी आलं का?’’ आलं होतं.

आता दादाने नवीन शीट काढलंय. आईच्या कॉलममध्ये या वेळी ‘काहीही चालेल’ नाहीये. तिने स्वतः टाइप करायला लावलंय: ‘मेमध्ये नको. भात कापणीला जाऊ. मावशींनी बोलावलंय.’

जाण्यापूर्वी

• कसं जाल? मुंबईहून कसारा घाट–इगतपुरी–घोटी–शेंडी. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाल्याने घाट टाळून इगतपुरी गाठता येतं. रेल्वेने इगतपुरीला उतरून पुढे गाडी करता येते.

• काजवे कधी? साधारण मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, जोरदार पाऊस सुरू होईपर्यंत. हा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनविभागाच्या वेळा आणि नियम निघण्याआधी बघा. वीकेंड टाळलात तर उत्तम.

• पाण्याचं विचारा. बुकिंगच्या फोनवरच, ‘सध्या पाणी कुठून आणता?’ असं विचारा. पिण्याचं पाणी शेंडीतून घेऊन जा आणि रिकाम्या बाटल्या परत घेऊन या.

• काय खाल? नागलीची भाकरी, ठेचा, गावठी कोंबडी. मेमध्ये करवंदं आणि जांभळं रस्त्याच्या कडेला विकायला असतात, घासाघीस न करता घ्या. परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून राजूरचे पेढे.

• काय न्याल? रोख पैसे, टोप्या, पूर्ण बाह्यांचे कपडे, गुडघेदुखीचं औषध. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे ऑफिसला तसं आधीच सांगून ठेवा.

• आणि आईला ‘तुला काय हवंय’ असं विचारू नका. ‘काहीही चालेल’ हेच उत्तर येणार. ‘तुला काय नकोय’ असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.