जुनी पिकअप, ताजं पासिंग आणि मधली पडीत वर्षं

सोयाबीन निघालं, विकलं, हरभरा पेरून झाला. आज पिकाचं नाही लिहीत. या दिवसांत आपल्याकडे हातात चार पैसे असतात अन् जुन्या गाड्यांचे सौदे होतात, म्हणून आमच्या घरच्या सौद्याचं लिहितो.

पोराच्या डोक्यात दोन वर्षांपासून पिकअप होती. भाजीपाला खामगाव, मलकापूरला न्यायचा, भाडं मारायचं. तालुक्याच्या ठिकाणी एका एजंटाकडे 2014 ची गाडी त्याने पाहिली, किंमत 3 लाख 10 हजार. मला न सांगता 11 हजार इसार देऊन आला अन् मग मला दाखवायला घेऊन गेला. गाडी दिसायला नवरीसारखी. रंग ताजा, टायर नवे, हुडावर लिंबू-मिरची. एजंट म्हणाला, "काका, मख्खन हाय गाडी. मागच्या महिन्यातच पासिंग झालं. वर्षभर पाहायचं काम नाही."

मी म्हणलं, त्याच्या आधीचं पासिंग कधीचं?

तो माझ्याकडे पाहतच राहिला. पोरगंही.

आता आपण जमीन घेतो तेव्हा काय करतो? आजचा सातबारा पाहून पैसे देतो का? फेरफार काढतो, बोजा पाहतो, बारा नंबरात कोणत्या साली काय पीक होतं अन् कोणत्या साली पडीत लिहिलंय तेही पाहतो. चांगली काळी जमीन दोन वर्षं पडीत असेल तर विचारतो, काहून? भावाभावांत वाद होता का, विहीर आटली का, की रस्ताच बंद होता? गाडीच्या बाबतीत मात्र आपण आजचा शिक्का पाहून खूश. खरं तर मालवाहू गाडीचं पासिंग म्हणजे तिचा बारा नंबरच आहे. आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. ते नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 प्रमाणे तिची नोंदणीच वैध धरत नाहीत.

मोबाईलवरच्या एम-परिवहन ॲपमध्ये गाडी नंबर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी कुठपर्यंत आहे, कर्जाचा बोजा कोणत्या फायनान्सचा, ते दिसतं. ते सगळ्यांनी पाहावंच. पण तिथे आजची तारीख दिसते. मागच्या वर्षांचा हिशोब जुन्या कागदांत असतो. माझा भाचा इंग्लंडात असतो, तो सांगतो की तिकडे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, अन् नंबर टाकला की कोणीही घरी बसून पाहू शकतो: कधी पास झाली, कधी नापास, कशामुळे, अन् त्या दिवशी मीटरवर किती किलोमीटर होते. त्यामुळे मीटर मागे फिरवणारा पकडला जातो. आपल्याला ते काम फाइल मागून करावं लागतं.

एजंट आधी म्हणाला फाइल नाही. मी म्हणलं मग इसार परत दे. तेव्हा टेबलाच्या खणातून फाइल निघाली. रात्री घरी कंदील लावावा तसा मोबाईलचा टॉर्च लावून (लाइट गेलेली) पोराला अन् मला तारखा लावायला दोन तास लागले.

2014 पासून 2018 पर्यंत सगळं वेळच्या वेळी. 2020 मध्ये संपलेलं पासिंग एकदम नोव्हेंबर 2021 मध्ये झालेलं. पोरगं म्हणालं, बाबा, सापडलं. मी म्हणलं नाही, ते कोरोनाचं. सरकारने तेव्हा गाड्यांच्या कागदांची मुदत वाढवत वाढवत 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत नेली होती. तो खंड जवळपास प्रत्येक जुन्या गाडीत सापडेल, त्याला भिऊ नका.

पुढचं मात्र बोचलं. ते पासिंग नोव्हेंबर 2023 ला संपलं अन् नंतर थेट ऑक्टोबर 2025. जवळजवळ दोन वर्षं गाडी पडीत. फोन केला तर एजंट म्हणे, मालक आजारी होता, गाडी घरीच उभी होती. असू शकतं. पण वाहतूक पोलिसांच्या महाराष्ट्राच्या चलन साइटवर गाडी नंबर अन् चेसी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले तर 2024 ची दोन चलनं निघाली. घरी उभ्या गाडीला चलन कसं येतं?

मग विम्याचे कागद. 2022 च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस 45 टक्के, 2023 च्या पॉलिसीत शून्य. हा बोनस बहुतेक वेळा दोन कारणांनी जातो: क्लेम घेतला, नाहीतर पॉलिसी संपून नव्वद दिवसांच्या वर खंड पडला. इथे तारखा सलग होत्या. म्हणजे क्लेम. म्हणजे गाडी कुठेतरी जोरात ठोकलेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीचा मिस्त्री घेऊन गेलो. तो कॅबिनकडे पाहिलाच नाही, पोतं अंथरून सरळ खाली गेला. मागच्या चाकाच्या पुढे चेसीला पट्टी मारून वेल्डिंग केलेलं, वरून काळा रंग. मिस्त्री म्हणाला, रिकामी चालेल, भरली तर किती दिवस चालेल ते सांगता येत नाही.

पोराचा चेहरा उतरला. एजंट 60 हजार कमी करायला तयार झाला तेव्हा पोरगं परत हललं, म्हणालं बाबा, एवढ्या पैशात आपण चेसीचं काम करून घेऊ. खोटं कशाला बोलू, माझंही मन क्षणभर डळमळलं. मग मी त्याला विचारलं, वेचणीला बाया कशात नेशील? तो काही बोलला नाही. आपल्याकडे पिकअपमध्ये माल कमी अन् माणसंच जास्त बसतात, हे तुम्हाला काय सांगू. नेऊ नये, कायद्यात बसत नाही, तरी सगळे नेतात. अन् मालगाडीत फुकट बसलेल्या माणसाची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात 2002 मध्येच सांगून ठेवलंय. काही झालं तर मालकाच्या शेतावर येतं.

इसार बुडाला. 11 हजार म्हणजे आमचं अडीच क्विंटलच्या आसपास सोयाबीन गेलं. घरात दोन दिवस अबोला.

काहींनी विचारलं म्हणून घरगुती जीपचंही सांगतो. पांढऱ्या नंबरच्या गाडीला पहिली पंधरा वर्षं पासिंगच नाही, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी. त्यामुळे तिच्यात शोधायला तपासणीचा कागदच नसतो. तिथे विम्याचा बोनस, शोरूमचं सर्व्हिसिंग रेकॉर्ड अन् मिस्त्री यांच्यावरच भिस्त. चौदाव्या वर्षाची जीप स्वस्त मिळाली तर समजा की पुढच्या वर्षीचं पासिंग, नोंदणीची फी अन् पर्यावरण कर तुमच्या गळ्यात आहे. फीच 2022 पासून 600 ची 5,000 झाली. अन् विकणाऱ्याने नुसत्या टीटी फॉर्मवर सह्या देऊन मोकळं होऊ नये. आरसीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलंय. मी एकदा मोटारसायकल अशी विकून तीन वर्षं झोप घालवली आहे, ते परत कधी.

ती पिकअप मात्र विकली गेली. परवा आमच्याच शिवारातून गेली, मागे कापूस वेचायला निघालेल्या दहा-बारा बाया. मी हात करून थांबवली. चालवणारा पंचविशीतला, शेजारच्या गावचा, गाडी त्याचीच. त्याला बाजूला घेऊन वेल्डिंग कुठे आहे ते वाकून दाखवलं. त्याने पाहिलं. मग म्हणाला, "पण काका, पासिंग तर हाय ना."

मिस्त्रीचा नंबर त्याला दिला. त्याने मोबाईलमध्ये टाकून घेतला. संध्याकाळी मिस्त्रीला विचारलं, अजून फोन आला नाही म्हणाला. उद्या त्याच्या गावाकडे जायचं ठरवलंय, पोरगंही येतो म्हणतंय.

हरभऱ्यात मर दिसायला लागली आहे, फोटो काढलेत. ते पुढच्या खेपेला.